निधन वार्तेतली शेवटची ओळ

आमच्या दैनिकाची अकोला आवृत्ती एका एकतीस मार्चला बंद झाली. सकाळी साडेअकराला सर्वांना मीटिंगसाठी बोलावले होते आणि बाराला मीटिंग संपली. मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. त्या कार्यालयात एकोणीस वर्षे उपसंपादक होतो. पाने यापुढे नागपूरला लागणार होती. आमच्यातल्या दोघांना नागपूरला घेतले. त्यांत मी नव्हतो.

पुढचे चौदा महिने मला नोकरी नव्हती.

पहिल्या तीन महिन्यांत मी सतरा अर्ज केले. दोन उत्तरे आली. एका शिक्षणसंस्थेला जनसंपर्क अधिकारी हवा होता. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी व्हिडिओ एडिटिंग येते का, असे विचारले. मी नाही म्हणालो. दुसऱ्या ठिकाणी वय विचारले आणि कळवतो म्हणाले.

पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा पातूर रस्त्यावर आहे. ती पावणेदहाला निघे. तिचा डबा मी करू लागलो. दुसऱ्या महिन्यात ती म्हणाली, "एकोणीस वर्षांत पयल्यांदा मले डब्यात ताजी भाजी भेटून राह्यली. बंद झाला तुमचा पेपर, बरं झालं." ती हसली. मीही हसलो, पण त्या दिवशी भाजीत मीठ टाकायचे राहिले.

नागपूरला छापलेला पेपर घरी येत होता. मी लाल पेन घेऊन त्यातल्या चुका खुणावत बसे. एकदा तिने विचारले, "हे कोनाले पाठवता?"

"कोणालाच नाही."

"मंग शाई काहून संपवता?"

दुसऱ्या दिवशी तिने तो पेन वह्या तपासायला शाळेत नेला.

जुलैमध्ये आमच्या कॉलनीतले एक गृहस्थ घरी आले. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले होते आणि शहरातल्या एका जुन्या चर्चचे सेक्रेटरी होते. आमची ओळख रस्त्यावर मान हलवण्यापुरती होती.

"भाऊ, तुमी सध्या रिकामे आहा ना?"

"आहे."

"वाईट नका मानू. रिकामा बी आहे अन् शुद्धलेखनवाला बी आहे, असा दुसरा मानूसच नाही आमच्या नजरेत."

चर्चकडे दफनाच्या नोंदींच्या तीन वह्या होत्या. पहिलीला वाळवी लागली होती, दुसरीची शाई उडत चालली होती. परगावाहून लोक आजोबा-पणजोबांची कबर शोधत येत आणि न सापडता परत जात. वह्या वाचून कॉम्प्युटरवर उतरवायच्या, मग दफनभूमीत जाऊन दगडांवरच्या नावांशी ताडून पाहायच्या आणि एक नकाशा करायचा, असे काम होते. काम फुकटचे आहे, हे त्यांनी पहिल्या दोन मिनिटांत सांगितले.

सोमवारी पत्नीने डबा उचलताना विचारले, "आज कुठं? इंटरव्ह्यू आहे का?"

"चर्चमध्ये चाललो."

"चर्चमधी कोन मेलं?"

"बरेच जण. ऐंशी-नव्वद वर्षांपासूनचे."

मी हिंदू शेतकरी घरात वाढलो. चर्चच्या फाटकातून त्याआधी मी दोनदा आत गेलो होतो, दोन्ही वेळा नाताळच्या बातमीसाठी.

उपासनेच्या दालनाला लागून एक खोली होती. तिथे टेबल, लोखंडी कपाट आणि झाकून ठेवलेली बाजाची पेटी होती. मी साडेदहा ते दोन बसत असे. वहीत नाव, वय, मृत्यूचे कारण, मृत्यूची तारीख, दफनाची तारीख आणि विधी करणाऱ्या पाळकांची सही असे रकाने होते. शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो बहुतेक पाळकांनी कोरा सोडला होता. एका जुन्या पाळकांनी मात्र भरला होता. "गात असे." "विहिरीचे काम करी." "कोणाशी भांडली नाही, एकदाच, माझ्याशी." मी एकोणीस वर्षांत हजारो निधन वार्ता लावल्या होत्या. त्यांत असे एकही वाक्य नव्हते.

खोलीची किल्ली एका निवृत्त परिचारिकेकडे असे. वय चौऱ्याहत्तर. त्यांना सगळे सिस्टर म्हणत, मीही म्हणू लागलो. त्या रोज बाके पुसून घेत आणि बारा वाजता थर्मासमधून चहा आणत. मी मान वर केली नाही तर म्हणत, "मेलेले पळून नाही चालले, भाऊ. चहा थंडा होऊन राह्यला."

आठवड्यातून दोनदा मी आणि सेक्रेटरी दफनभूमीत जात असू. ते पाण्याची कॅन आणि ब्रश आणत. दगड घासला की अक्षरे वर येत. काही ठिकाणी दगड होता आणि नोंद नव्हती, काही ठिकाणी नोंद होती आणि जमिनीवर फक्त गवत होते. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईहून एक बाई आजीची कबर शोधत आल्या. नकाशात ती तिसऱ्या रांगेत होती. मी त्यांना तिथे नेऊन उभे केले. त्या दिवशी घरी येऊन मी पत्नीला हे दोनदा सांगितले. दुसऱ्यांदा सांगताना ती म्हणाली, "ऐकलं मी. मघाच सांगतलं तुमी." मग जरा थांबून म्हणाली, "सांगा, सांगा. लय दिवसांनी काई सांगून राह्यले."

सेक्रेटरींना हे काम चर्चच्या मंडळीला दाखवायचे होते, म्हणून एका रविवारी त्यांनी मला उपासनेला बोलावले. मी मागच्या बाकावर बसलो. उपासनेत एक प्रार्थना सर्वांनी मिळून मोठ्याने म्हणायची असते. आपण जे करायला नको होते ते केले, जे करायला हवे होते ते केले नाही, अशी कबुली तिच्यात आहे. आमच्या दैनिकात चूक मान्य करायची झाली तर "अनवधानाने छापले गेले" असे लिहीत. इथे दीडशे माणसे "मी" म्हणत होती. त्यांत दोन डॉक्टर होते आणि माझ्या ओळखीचा एक वकील होता. त्या रविवारी मी ती प्रार्थना म्हणालो नाही. पुढच्या रविवारी मात्र कोणी न बोलावता गेलो.

सप्टेंबरमध्ये तिसरी वही उघडली. ही अलीकडची होती, तिच्यात व्यवसाय आणि मूळ गावाचेही रकाने होते. चौथ्या दिवशी मी सहा वर्षांपूर्वीच्या एका नोंदीपाशी आलो. पुरुष, वय बहात्तर, रुग्णालयातून निवृत्त कंपाउंडर, मूळ गाव चांदूर बाजार तालुक्यातले. नाव मला ओळखीचे वाटले. सिस्टर चहा घेऊन बाजूला उभ्या होत्या. त्यांनी वहीवर बोट ठेवले.

"हे आमचे."

मग त्यांनी पुढचे सांगितले. मी ते त्यांच्या क्रमाने देतो.

त्यांचे यजमान चोवीस वर्षांचे असताना ख्रिस्ती झाले. नाव त्यांनी बदलले नाही. वडिलांनी त्यांना घराचे दार बंद केले. धाकट्या भावाने वडिलांचे ऐकले. दोघा भावांत चाळीसहून जास्त वर्षे येणे-जाणे नव्हते. यजमान वारले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरात बातमी आली. ती वाचून धाकटा भाऊ गावाहून जीप करून निघाला. बातमीत अंत्यसंस्कार अकराला मोक्षधाम स्मशानभूमीत असे छापले होते. तो अकराच्या आधी मोक्षधामात पोहोचला. त्याच वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला, दफनभूमीत, त्याच्या भावाला माती दिली जात होती. तो एकपर्यंत थांबला आणि गावी परत गेला.

"निरोप पाठवला त्यानं," सिस्टर म्हणाल्या. "म्हने, जितेपनी तं तोडलंच होतं, मेल्यावर बी तोंड पाहू देलं नाही. मुद्दाम खोटी जागा छापली. मी फोन केला, म्हतलं, बापा, पेपरवाल्यायनं घोळ केला. म्हने, पेपरवाले घरचे सांगतात थेच छापतात. ठेवला फोन. मंग उचललाच नाही."

"आता?"

"आता काय. तो पंच्याहत्तरचा, मी चौऱ्याहत्तरची. दोघायतलं एक गेलं का झालं. त्यानं एक डाव मातीपाशी येऊन बसावं, अन् मी हे केलं नाही हे त्याले कळावं. दुसरं काई नाही मागनं माह्यं."

मी चहा संपवला आणि पुढची नोंद टाइप केली.

ती बातमी मी लावली होती. मला ती आठवत होती, कारण तिच्यामुळे फोन आला होता. आमच्याकडे निधन वार्ता अशी लागे: आदल्या दिवशीची एखादी बातमी उघडायची, तिच्यावर नवे नाव, नवे वय, नवा आप्तपरिवार टाकायचा. शेवटची ओळ बहुधा तीच राही. पार्थिवावर अमुक वाजता मोक्षधाम येथे अंत्यसंस्कार. वेळ बदलायची, ठिकाण क्वचितच बदलावे लागे. त्या दिवशी बातमीदाराच्या निरोपात "उद्या अकरा" एवढेच होते. नाव हिंदू वळणाचे होते. ठिकाण मी विचारले नाही. मूळ गाव चांदूर बाजारकडचे म्हणून तीच बातमी मी अमरावती आवृत्तीलाही पाठवली. दुसऱ्या दिवशी दुपारी एका तरुण बाईचा फोन आला. ठिकाण चुकले, दुरुस्ती छापा, असे तिचे म्हणणे होते. निधनाच्या बातमीला आम्ही दुरुस्ती देत नाही, असे मी सांगितले. तसा प्रघात होता, हे खरे आहे. आता विधी होऊन गेला, उपयोग काय, असेही मी म्हणालो. फोन करणारी त्यांची मुलगी होती.

हे मी चार दिवस कोणाला सांगितले नाही. त्या चार दिवसांत सिस्टरनी चार वेळा चहा आणला.

पाचवा दिवस रविवार होता. त्या दिवशीच्या वाचनात असा भाग होता, की अर्पण घेऊन वेदीपाशी आलेल्या माणसाला तिथे आठवले की कोणाच्या तरी मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवावे, आधी त्या माणसाकडे जावे. उपासना संपल्यावर मी पाळकसाहेबांना विचारले, हा भाग आज कोणी निवडला. ते माझ्याहून दहा वर्षांनी लहान, जालन्याकडचे. त्यांनी एक छापील तक्ता दाखवला. वाचने वर्षभर आधी ठरलेली होती.

सोमवारी बारा वाजता मी सिस्टरना सांगितले. उभ्यानेच सांगितले. त्यांनी थर्मास टेबलावर ठेवला आणि बाकावर बसल्या. मग त्यांनी विचारले, "फोनवर बी तुमीच होते?"

"मीच."

"पोरगी रडली होती त्या दिवशी."

मी माफी मागितली. त्यांनी हात वर करून मला थांबवले.

"माफ तं मी करीनच, रोज तेच शिकून राह्यली इथं. पन मले काय सांगता, मी तिथंच होती. दोन तास ज्यानं वाट पाह्यली, त्याले सांगा."

"ते माझं ऐकतील?"

"माह्यं ऐकत नाही. घरच्यायनं काय सांगतलं अन् काय नाही, हे तुमच्याशिवाय कोनाले माहीत आहे? या जगात एकच मानूस आहे, अन् थो इथं फुकटात टायपिंग करून राह्यला." त्यांनी कपात चहा ओतला. "प्या. मंग जा."

लगेच जाता आले नाही. एका वृत्तवाहिनीत नोकरीची मुलाखत आली, पत्नीला डेंग्यू झाला, आणि खरे सांगायचे तर मी दोनदा बसस्थानकावर जाऊन परत आलो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलो. अकोल्याहून अमरावती, तिथून चांदूर बाजारची बस, पुढे सहा आसनी रिक्षा. गावात विचारल्यावर त्यांचा संत्र्याचा बगीचा दाखवला. तोडणी चालू होती. बाया झाडाखाली बसून फळे निवडत होत्या. ते क्रेटपाशी खुर्चीवर होते. डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात चष्मा.

"कोन तुमी?"

"अकोल्याहून आलो, काकाजी. पेपरात होतो."

"भाव इचाराले आले? लिवा, व्यापारी लुटून राह्यले. रोज लिवा."

"भावासाठी नाही आलो. तुमच्या मोठ्या भावाच्या निधनाची बातमी आली होती, त्याबद्दल आलो."

त्यांनी हातातले संत्रे क्रेटमध्ये ठेवले. "त्याले मरून सहा वर्षं झाले. लयच लवकर आले तुमी."

निवडणाऱ्यांपैकी एक बाई हसली. त्यांनी तिच्याकडे पाहिल्यावर ती गप्प झाली.

मी उभ्याने, क्रमाने सांगितले. ती ओळ मी लिहिली. घरच्यांनी ठिकाण सांगितले नव्हते. मी विचारले नाही. मोक्षधाम आधीच्या बातमीतले होते, ते तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पुतणीने दुरुस्ती मागितली. मी छापली नाही.

"म्हंजे वयनीनं नाही सांगतलं तसं?"

"नाही."

"तुमी सोताच्या मनानं टाकलं."

"हो."

ते उठले, दोन झाडे चालत गेले आणि परत आले. "तीन मयती आल्या तिथं. तिन्ही खेपा मी उठलो. जवळ जाऊन तोंड पाह्यलं. तिसरी तं बाईची होती. तिचं पोरगं म्हने, बाबा, कोनाले शोधून राह्यले? आता त्याले काय सांगू? म्हतलं, भावाले." ते खुर्चीत बसले. "जीपमधी चार मानसं होते. त्यायच्यासमोर मी वापस आलो."

त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"अन् आता काहून आले सांगाले? पेपरात हाये का अजून?"

"नाही. पेपर बंद झाला. घरीच आहे."

"नोकरी असती तं आले असते?"

"नसतो आलो."

"हे एक खरं बोलले." त्यांनी चष्मा लावला आणि माझ्याकडे नीट पाहिले. "वयनीनं पाठवलं. तुमी बी त्यायच्यातले का?"

"अजून नाही. होणार आहे."

हे वाक्य मी त्याआधी कोणापुढे बोललो नव्हतो. पत्नीला सांगितले नव्हते, पाळकसाहेबांनाही नाही. ते त्या बगीच्यात प्रथम बोलले गेले, दुपारी दीडच्या सुमारास.

"वयनीनं केलं का हे?"

"त्यांनी एकदाही विषय काढला नाही."

"मंग कोनं सांगतलं?"

"कोणी नाही. मी केलेली चूक कुठे ठेवायची, ते मला माहीत नव्हतं. तिथं ती ठेवायला जागा आहे. आणि ठेवल्यावर, जा, ती निस्तरून ये, असंही सांगतात."

त्यांनी एक फळ उचलले, डाग पाहून बाजूला टाकले. "आमचा भाऊ बी असंच काईतरी सांगत होता बापाले. बापाले समजलं नाही. मले समजलं होतं. पन मी तवा तोंड नाही उघडलं."

यानंतर ते व्यापाऱ्याच्या माणसाशी बोलू लागले. निघताना मी विचारले, अकोल्याला याल का. ते म्हणाले, "पाहतो." त्यांनी मला पाणी दिले. संत्री दिली नाहीत.

सिस्टरना मी सगळे सांगितले. जीपमधल्या चार माणसांचेही सांगितले. त्यांनी डोळे पुसले. मग विचारले, "पानी पाजलं का त्यानं?"

"पाजलं."

"मंग येईल."

श्रद्धेबद्दल मला नोंदवता येते ते थोडे आहे. ऑगस्टमध्ये मी ती कबुलीची प्रार्थना ऐकत होतो, ऑक्टोबरअखेर म्हणत होतो. मधला नेमका दिवस मला सांगता येत नाही. येशू मेल्यावर पुन्हा उठला, या पुनरुत्थानाच्या बातमीवर मी बरेच आठवडे अडलो. तशी बातमी तालुका प्रतिनिधीकडून आली असती, तर मी ती लावली नसती. पण ती सांगणाऱ्यांना तिच्यातून फायदा झालेला दिसत नाही. मार बसला, तरी त्यांनी मागे घेतली नाही. आणि क्रूसावर खिळलेला माणूस खिळे ठोकणाऱ्यांसाठी क्षमा मागतो, हे वाचताना मला थांबावे लागले, कारण सिस्टरनी मला चहा ओतून दिला होता तो दिवस मी पाहिलेला होता. मी सकाळी पत्नी शाळेत गेल्यावर प्रार्थना करू लागलो. पहिल्यांदा मोठ्याने केली तेव्हा भांडी घासत होतो.

पत्नीला मी नोव्हेंबरमध्येच सांगितले. ती वह्या तपासत होती.

"म्हंजे माह्यं देवघर?"

"आहे तिथेच राहील."

"अन् सणाची पुरनपोळी?"

"खाईन."

"खाल तं. त्यात काय नवीन." तिने दोन वह्या तपासल्या. "रागावू का हसू, मले समजून नाही राह्यलं. पन मार्चपासून तुमी घरात असून नसल्यासारखे होते. आता दिसता. माह्या मायले मात्र मी नाही सांगनार. तुमीच सांगा."

सासूबाईंना मी जानेवारीत सांगितले. त्या तीन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. चौथ्या महिन्यात त्यांनी फोन करून पत्नीऐवजी मला मागितले. विषय गुडघेदुखीच्या गोळ्यांचा होता.

पाळकसाहेबांनी बाप्तिस्मा लगेच द्यायला नकार दिला. "तुम्हाला नोकरी लागू द्या," ते म्हणाले. "रिकामा आहे म्हणून आला, असं उद्या कोणी म्हणेल. कोणी न म्हटलं तरी एखाद्या दिवशी तुमच्याच मनात येईल. काम लागल्यावरही यावंसं वाटलं तर या. दार इथंच आहे."

"आणि नाही लागली तर?"

"तर तोवर सोबत बसू."

मला हे पटले नाही. मी नाराज होऊन घरी गेलो. पण रविवारी जात राहिलो आणि वह्यांचे काम संपवले. नकाशाची एक प्रत चर्चमध्ये लावली, एक दफनभूमीच्या फाटकाशी.

नोकरी जूनमध्ये लागली. अमरावतीत शालेय पुस्तके छापणारा एक छापखाना आहे, तिथे मुद्रितशोधक म्हणून. आठवड्यातून चार दिवस मी अकोल्याहून सकाळच्या गाडीने जातो. रुजू झाल्यानंतर तीन महिन्यांनी मी पाळकसाहेबांकडे गेलो. बाप्तिस्मा त्यानंतर झाला. पत्नी दुसऱ्या बाकावर बसली होती. शिकायला बाहेरगावी असलेली आमची मुलगी आली होती, तिने फोटो काढले, ते हलले आहेत.

धाकट्या भावाकडून या काळात काही कळले नाही. दिवाळीला मी फोन केला होता, तो उचलला गेला नाही. सिस्टर हिवाळ्यात न्यूमोनियाने बारा दिवस दवाखान्यात होत्या. पाचव्या दिवशी मी भेटायला गेलो, तेव्हा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "त्याचा काई फोन?" मी नाही म्हणालो. त्यांनी मास्क परत लावला.

त्या बऱ्या होऊन घरी आल्यानंतर, फेब्रुवारीत, एका रविवारी दुपारी माझा फोन वाजला. दिवाळीला मी लावला होता तोच नंबर होता.

"पेपरवाले का?"

"बोला, काकाजी."

"थे जागा नेमकी कुठं हाये? नीट सांगा. या खेपी नीट सांगा."

मी सांगितली. मुख्य रस्ता, वळण, फाटकाचा रंग. आतली रांग आणि रांगेतला क्रमांक. त्यांनी सगळे लिहून घेतले आणि मला परत वाचून दाखवले. मग विचारले, "वयनीची तब्येत कशी हाये?" मी दवाखान्याचे सांगितले. ते म्हणाले, "मंगळवारी येतो. तिले सांगा. नाही, राहू द्या. सांगा."

मंगळवारी मी छापखान्यातून रजा घेतली. ते अकरा वाजून वीस मिनिटांनी एकटेच आले. फाटकाशी चपला काढायच्या का, असे त्यांनी विचारले. गरज नाही म्हटले, तरी काढल्या. मी रांग दाखवली आणि मागे थांबलो. ते कबरीपाशी जमिनीवर बसले. दगडावरचे नाव त्यांनी बोटाने वाचले, मग वडिलांचे नाव वाचले, ते दोघा भावांचे एकच होते. साधारण अर्ध्या तासाने सिस्टर रिक्षाने आल्या. त्यांना चालताना दम लागत होता. मी हात द्यायला पुढे झालो, पण त्याआधी ते उठले होते.

"वयनी," ते म्हणाले, "मी उगाच बोललो तुमाले."

"बसा तुमी," त्या म्हणाल्या. "उन्हात उभे नका राहू."

कबरीच्या शेजारी मोकळी जागा होती. ही कोणाची, असे काकाजींनी विचारले. सिस्टर म्हणाल्या, "माही." काकाजींनी त्या जागेवरचे गवत थोडे उपटले.

पाऊण वाजता दोघे एकाच रिक्षाने सिस्टरच्या घरी गेले. मला त्यांनी सोबत बोलावले नाही. ते तिथे जेवले, हे सिस्टरनी दुसऱ्या दिवशी सांगितले. पावणेचारच्या बसने ते अमरावतीकडे निघाले.